उपऱ्यांची वंशावळ

नायगावच्या आमच्या भावकीने घराण्याची वंशावळ पुस्तकरूपाने काढायचं ठरवलं आणि प्रस्तावना माझ्याकडे आली. त्यात माझ्या विद्वत्तेचा भाग थोडाच. आधी पुण्याचा कुणी नामवंत गाठावा असं घाटत होतं. पण त्याचं मानधन, जाण्यायेण्याचा खर्च, आणि वर तो आमचं घराणं थेट देवगिरीच्या यादवांना नेऊन भिडवील ही धास्ती. शेवटी थोरले काका म्हणाले, ‘घरची लेक हाय, लातुरात मास्तरीण होती, मोडी वाचती. अजून काय पाहिजे?’ झालं, काम गळ्यात पडलं.

नांदेड जिल्ह्यातल्या माणसाला प्रस्तावना लिहायची म्हटलं की उगाच दडपण येतं. नांदेडच्याच नरहर कुरुंदकरांनी ‘श्रीमान योगी’साठी रणजित देसाईंना लिहिलेलं लांबलचक पत्र त्या कादंबरीची प्रस्तावना म्हणून छापलं गेलं, आणि तेव्हापासून इथे प्रस्तावना म्हणजे काय याचं माप ठरून गेलं. त्या मापाला मी पुरणार नाही. हे पुस्तक कसं जमलं, त्यात काय सापडेल आणि कुठे आम्ही अडलो, एवढं सांगते.

पुस्तकात आठ पिढ्या आहेत. वरच्या तीन निव्वळ सांगोवांगीच्या, खालच्या पाच कागदाच्या आधाराने. मूळ पुरुष कुठून आला याबद्दल घरात दोन कथा आहेत. एक म्हणते, बालाघाटातून दुष्काळात गुरं घेऊन खाली उतरला. दुसरी म्हणते, भावाशी बांधावरून भांडून निघाला. मला दुसरी जास्त खरी वाटते, कारण तो गुण अजून घराण्यात शाबूत आहे. आमचं कुलदैवत तुळजापूरची भवानी, आणि शेजारच्या बहुतेक घरांचं माहूरची रेणुका. एवढ्यावरून आम्ही पश्चिमेकडून आलो असू असा अंदाज बांधता येतो. अंदाजच, पुरावा म्हणून कुणी तो वापरू नये.

एक गोष्ट मात्र दोन्ही कथांत सारखी आहे: तो आला तेव्हा उपरी होता. हा शब्द आज शिवीसारखा वापरतात. जुन्या गावगाड्यात तो हिशोबाचा शब्द होता. गावात ज्याची वंशपरंपरेची जमीन तो मिरासदार, बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. मिरासदार आपली जमीन विकू शके, वर्षानुवर्षं गाव सोडून गेला तरी परत येऊन मागू शके. उपऱ्याचा हक्क कौलापुरता. ज्या घराचा दिवाच विझला त्याची जमीन गतकुळी म्हणून पडून राही आणि पाटील ती उपऱ्याला लावून देई. पडीत रान वहितीला आणायचं तर इस्तावा मिळे. म्हणजे पहिल्या साली सारा नावापुरता, पुढे दरसाल चढत जाऊन काही वर्षांनी पूर्ण दराला पोचायचा. मलिक अंबरापासून पेशव्यांपर्यंत आणि निजामाच्या मुलखातही, दुष्काळाने किंवा फौजांनी ओस पाडलेली गावं पुन्हा वसवायची ती याच तोडग्याने. बियाण्याला आणि बैलाला तगाई, चढता सारा, आणि वर अब्रूचा कौल.

अमेरिकेतल्या माझ्या भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘मावशी, हे तर आमच्याकडचं होमस्टेडच की.’ तो नेब्रास्कात राहतो. तिथे त्याच्या शेजाऱ्यांच्या घराण्याची अशीच जाडजूड वंशावळ छापलेली आहे म्हणे. लिंकनच्या काळात, १८६२ साली, तिथे कायदा झाला: पश्चिमेकडे जा, १६० एकर घ्या, त्यावर घर बांधून पाच वर्षं राहा, जमीन कसा, ती तुमची. लाखो घराणी त्या कायद्यावर उभी राहिली. त्यांच्या वंशावळीचा पहिला कागद म्हणजे सरकारने दिलेली जमिनीची सनद आणि दुसरा म्हणजे घरातलं बायबल, ज्याच्या पानांवर जन्म, लग्नं आणि मयती लिहून ठेवायची रीत होती. आमच्याकडे देवघरात पोथी होती, पण तिच्यावर कुणी काही लिहिलं असतं तर आजीने हात तोडला असता.

फरकही मोठा आहे. त्यांच्या कायद्याने रिकामी म्हणून वाटलेली जमीन रिकामी नव्हतीच. लॉरा इंगल्स वाइल्डरची प्रेअरीवरच्या घराची गोष्ट मराठीतही पुष्कळांनी वाचली आहे. ते घर कॅन्ससमध्ये ओसेज लोकांच्या राखीव मुलखात बेकायदा बांधलेलं होतं, हे आता तिथले अभ्यासक उघडपणे सांगतात. आपण हात झटकून मोकळं व्हावं असं मात्र नाही. नायगावच्या उत्तरेला गोदावरी, पलीकडे हदगाव, किनवट, माहूरची रानं. तिथे गोंड, कोलाम, आंध होते. हटकरांचे नाईक होते. त्यांतल्या नौसाजी नाईकांनी १८१९ साली नोव्ह्याच्या गढीतून निजामाच्या फौजेला तोंड दिलं. नांगर पुढे सरकला की कुणाची तरी चराई मागे हटते. आमच्या घरच्या कथेत ‘इथं निस्तं जंगल होतं’ हे वाक्य येतं. त्या वाक्यापुढे मी छपाईत प्रश्नचिन्ह घातलं आहे. काकांना ते आवडलं नाही, पण त्यांनी खोडलंही नाही.

आता कागदांविषयी. कोकणस्थ, कऱ्हाडे, देशस्थ घराण्यांचे कुलवृत्तांत गेल्या शतकात एकामागून एक निघाले. त्या घरांत लिहिता हात पिढ्यान्‌पिढ्या होता. शेतकऱ्याच्या घरात नांगराचा हात होता. लिहायचं ते पांड्या-कुळकर्ण्याने, तेही साऱ्याच्या कामापुरतं. कर्नाटकाच्या शिवेवर हेळवी बैलावर बसून येतात आणि कुळांच्या पिढ्या म्हणून दाखवतात. तसं कुणी आमच्या दारी येत असल्याचं कुणाला आठवत नाही. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वह्यांत शोधावं म्हटलं, तर आमचे लोक तिकडे गेलेच नाहीत. गोदावरी, आमची गंगा, दारात असताना कोण गाडीभाडं करील? राहेरच्या घाटावर अस्थी सोडल्या, नरसिंहाचं दर्शन घेतलं, संध्याकाळच्या धारेला घरी.

पित्रांच्या दिवशी घास ठेवताना नावं घेतात, त्यावर माझा पहिला भरवसा होता. पण श्राद्ध तीन पिढ्यांचं: बाप, आजा, पणजा. चौथ्याला विधीतच जागा नाही. त्यामुळे दर पिढीला वरचं एक नाव आपोआप गळतं. देवघरातले टाक पाहिले तर त्यांत एक वीर आहे, घोड्यावरचा. तो कोण, हे सांगणारं आता कुणी नाही. रोज चिंच लावून घासल्यामुळे त्याचे नाक-डोळे पुसून गेले आहेत, फक्त घोड्याची मान तेवढी वर आहे.

मग उरली जमीन. आणि खरं सांगायचं तर आमच्या घराण्याची नोंद माणसांपेक्षा जमिनीनेच नीट ठेवली. निजामाच्या राज्यात पहिल्या सालारजंगाने १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलखाचे जिल्हे पाडले, महसुलाची मक्तेदारी मोडली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचविशीत मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर पैमाईश झाली. सर्व्हे नंबर पडले. त्या नंबरासमोर पट्टेदार म्हणून एक नाव, आणि खाली शिकमीदार म्हणून भावाभावांची नावं. शिकमी म्हणजे पोटातला. एका पट्ट्याच्या पोटात किती भाऊ आहेत हे सांगणारा हा रकाना म्हणजे अर्धी वंशावळच. तो उलगडत गेलं की कोणता भाऊ कधी वेगळा झाला, कुणाच्या नावापुढे ‘फौत’ लागलं, कुणाची बायको पोरांची पालनकर्ती म्हणून आली, सगळं दिसायला लागतं.

पण वाचायचं कुणी? सालारजंगानंतर दरबाराची भाषा फारसीची उर्दू झाली. गावचं दफ्तर मोडीत, वरचं उर्दूत. मोडी मला येते. त्यात ऱ्हस्वदीर्घाचा नियम नाही, शब्द तोडायची रीत नाही, तरी सरावाने जमतं. उर्दूसाठी मी एका निवृत्त शिक्षकांच्या पायऱ्या झिजवल्या. खापरपणज्याच्या नावापाशी आम्ही दोघंही आठ दिवस अडून बसलो. उर्दूत काफ आणि गाफ यांत एका तिरप्या रेघेचा फरक. घाईत लिहिणारा कारकून ती रेघ खातो. त्यामुळे एका कागदात नावाचं पहिलं अक्षर ‘क’, दुसऱ्यात ‘ग’. काकांनी आधीच दोन सख्खे भाऊ धरून दोन शाखा काढल्या होत्या, त्यातल्या एकाला निपुत्रिक ठरवून मोकळेही झाले होते. शेवटी सर्व्हे नंबर आणि साऱ्याची रक्कम पै-पैशी जुळली तेव्हा कळलं की माणूस एकच. एका रेघेने आमच्या घराण्यात एक निपुत्रिक आजोबा तयार केला होता, आणि दोन वर्षं आम्ही त्याची हळहळही केली होती!

सालाचा घोटाळा वेगळाच. कागदावर फसली साल. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण हैदराबादचं साल आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरात सुरू होई. तेव्हा नुसती बेरीज करून भागत नाही, महिना पाहावा लागतो. आमची एक आत्या तिचा जन्म खुर्दादातला म्हणून सांगायची. आम्हा पोरांना तो कुणीतरी म्हातारा वाटायचा. खुर्दाद हा महिना, आणि त्यात कैऱ्या उतरतात, हे कळायला मला साठी गाठावी लागली.

मराठवाड्यात जुन्या जमिनीच्या कुठल्याही कामाला १९५४-५५ चं खासरा पत्रक लागतं. आमच्याही पुस्तकाचा कणा तेच आहे. त्याच्या अलीकडे फेरफार सापडतात, पलीकडे नशीब. आणि पुढे १९५६ आलं. राज्यांची फेररचना झाली तेव्हा हैदराबाद संस्थानाची तीन शकलं झाली. नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला, पण देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं आंध्र प्रदेशात गेली, मुधोळ तालुक्याचा मुधोळ-भैंसा-कुबीर भागही गेला. आमची एक शाखा भैंशाला. एका रात्रीत तिचे कागद दुसऱ्या राज्याचे झाले, पोरं तेलुगू शाळेत गेली, आडनावाचा उच्चार बदलला. आज त्या घरातली नातवंडं लग्नाला येतात तेव्हा माय-बापाशी तेलुगूत आणि आमच्याशी जपून जपून मराठीत बोलतात. वंशावळीत ती शाखा छापताना आडनाव कसं लिहावं यावर भावकीची एक आख्खी बैठक गेली. ते स्वतः लिहितात तसंच छापलं आहे.

२०२३ च्या पावसाळ्यानंतर मराठवाड्यात वंशावळ हा शब्द एकदम बाजारात आला. मराठा आरक्षणासाठीचं अंतरवाली सराटीचं उपोषण, न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती, आणि मग घरोघर निजामकालीन नोंदींचा शोध. कुणबी अशी नोंद ज्या पूर्वजाच्या नावे सापडेल त्याच्यापासून आपल्यापर्यंतचा जिना बांधून दाखवायचा. पुढे २ सप्टेंबर २०२५ चा हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय आला. त्या दिवसांत अभिलेख कक्षांत इतकी गर्दी की एका ठिकाणी मला नक्कल मिळायला चार हेलपाटे पडले, आणि मिळाली ती दुसऱ्याच घराण्याची. त्या लोकांना मी ती पोचती केली. चहा प्यायलो, दूरची सोयरीक निघाली.

त्या धावपळीचा फायदा असा की लाल फडक्यात बांधलेले रुमाल पन्नास-पन्नास वर्षांनी सुटले. तोटाही झाला. दाखल्याच्या वंशावळीला एकच रेघ लागते: नोंदवाला पूर्वज, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा, अर्जदार. चुलते गळाले, लेकी गळाल्या, मुंबईला गिरणीत गेलेला गळाला, घर सोडून पंढरीला राहिलेला गळाला. दाखल्यापुरतं ते ठीकच आहे, कुणाला नावं ठेवायची नाहीत; आमच्याही घरी ती एक रेघ काढली आणि तिचं काम झालं. काकांनी पुस्तकासाठी दिलेला पहिला खर्डा म्हणजे हीच रेघ, थोडी रुंद केलेली. त्यात माझं नाव नव्हतं.

म्हणजे ज्या लेकीला प्रस्तावना लिहायला सांगितली तिचा झाडावर पत्ता नाही. मी काकांना विचारलं तर ते गोंधळून म्हणाले, ‘अगं, लेकी कुठं वंशावळीत असतेत?’ महाराष्ट्रात लेकींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क १९९४ साली मिळाला, देशभर २००५ साली. सातबाऱ्यावर नाव लागण्याचा अधिकार आला आणि त्यासोबत हक्कसोडपत्रावर सही करायची रीतही आली. सही मीही केली आहे, राजीखुशीने. पण जमिनीवरचा हक्क सोडला म्हणजे झाडावरचा सोडला असं होत नाही. त्या बोलण्यानंतर काम दीड वर्ष वाढलं. प्रत्येक लेकीचं नाव, तिला दिलं ते गाव, आणि घरात आलेल्या प्रत्येक सुनेचं माहेरचं नाव व माहेरचं गाव, हे गोळा करायला मी आणि दोन भाच्या फिरलो. बरबडा, मांजरम, कुंटूर, मुखेड, लोहा, देगलूर, पार उमरखेडपर्यंत. सुनांची माहेरची नावं कागदात कुठेच नाहीत. म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांत, उखाण्यांत, आणि कुणाच्या लग्नात कुणी किती तोळे घातले या भांडणांत ती सापडली. भांडण हा सर्वांत विश्वासू दस्तऐवज, हे मी आता खात्रीने सांगू शकते. पणजीचं माहेर कळलं ते तिच्या भावाने आंदणात दिलेली गाय वांझ निघाली या तक्रारीवरून. तक्रार ऐंशी वर्षांची, गाय कधीच गेली, गावाचं नाव राहिलं.

सालगड्यांचं पान काढायचा आग्रहही माझाच. तीन पिढ्या आमच्या आखाड्यावर एकाच घरातली माणसं साल घालून राहिली. बांध त्यांनी घातले, विहिरीचा काळा दगड त्यांनी फोडला. वंशावळ रक्ताची असते, त्यांचं नाव कसं घालणार, असा आक्षेप आला. तो मला मान्य आहे. म्हणून झाडावर नाही, पण शेतांच्या प्रकरणात, ज्या विहिरीसमोर जे नाव हवं तिथे ते आहे. त्यांच्या नातवाला विचारून.

१९४६ ते १९४८ या काळाचं प्रकरण सगळ्यात जास्त वेळा लिहिलं आणि फाडलं. बिलोलीजवळ अर्जापूरला हैदराबाद मुक्तिसंग्रामातले गोविंदराव पानसरे मारले गेले ते १९४६ साली. त्यानंतर रझाकारांच्या भीतीने आमच्या घरच्या बायका-पोरं पैनगंगेपलीकडे, उमरखेडला गेली. सरहद्दीवरचे करोडगिरी नाके जळाले, काही गावांची दफ्तरंही जळाली, आणि आमच्या कागदांतली एक मोठी भेग त्या वेळची आहे. एवढं सगळे अभिमानाने सांगतात. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरचं हळू आवाजात सांगतात. त्या वेळच्या हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ पोचली म्हणून धरलं त्यांत नांदेड आहे. त्या वर्षभरात आमच्या शेजारचं एक मुसलमान शेतकरी घर निघून गेलं आणि त्यांचं सोळा एकर रान आमच्याकडे आलं. पैसे दिले होते, खरेदीखत आहे. किंमत पाहिली की मात्र ती खरेदी कुठल्या दिवसांत झाली ते कळतं. त्या रानाला आजही घरात त्या घराच्याच नावाने ओळखतात. ती खरेदी या पुस्तकात किमतीसह छापली आहे. यावर दोघा चुलतभावांनी वर्गणी परत मागितली. एकाला दिली, दुसऱ्याने नंतर नको म्हटलं.

वाचकाला एक सूचना. पुस्तकाच्या मध्यभागी घडीचा नकाशा आहे. त्यात आमच्या शिवारातल्या प्रत्येक तुकड्याचं घरगुती नाव दिलं आहे: चोपण, बरडी, चिंचेचं, इनामाची पट्टी, म्हातारीचं वावर. झाड वाचण्याआधी तो नकाशा उघडावा. आमच्याकडे माणसं जमिनीवरून ओळखतात, ‘बरडीवाले’ आणि ‘चिंचवाले’ अशी. नकाशा पुढ्यात असला की सारख्या नावाचे चार आजोबा चार ठिकाणी आपोआप बसतात. शेजारी ‘बेचिराख’ असं लिहिलेली एक मोकळी जागा दिसेल. सरकारी दफ्तरात उजाड गावाला हाच शब्द आहे, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. आमचं घराणं नायगावच्या पांढरीत यायच्या आधी तिथे दोन पिढ्या राहिलं असं सांगतात. आज तिथे मारुतीचं एक शेंदरी ठाणं, खापराचे तुकडे आणि आमचं सोयाबीन आहे.

चुका राहिल्या असतील. लेकींच्या शाखा निम्म्याच हाती आल्या आहेत आणि भैंशाकडच्या दोन घरांनी अजून माहिती दिलेली नाही. शेवटी सोळा पानं कोरी सोडली आहेत, दाभणाच्या शिवणीची, जेणेकरून फाटणार नाहीत. ज्यांच्या घरी प्रत जाईल त्यांनी त्यांवर नावं भरावीत, पेन्सिलीने नको. सुनांची आधी भरावीत, कारण त्या सांगू शकतील तोवरच. आणि कुणाच्या माळवदात, बळदात, पत्र्याच्या पेटीत जुना कागद निघालाच, तर मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका, अगदी माझ्याही. फोटो काढून पाठवा.